दारावरची थाप आणि यंत्राचे अवधान

टपालखात्याने निरोप पोचविण्याच्या दोन रीती वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी वागविल्या. तार आली म्हणजे तारवाला दारावर थाप मारी. घरातील माणूस जेवत असो की झोपलेला असो, हातातले टाकून त्याला उठावे लागे. पत्रांची तऱ्हा निराळी. रस्त्याच्या कडेची लाल पेटी कोणाला हाक मारीत नाही. पुढची वेळ दर्शविणारी पत्र्याची पट्टी तिच्यावर लावलेली असते. त्या वेळी शिपाई येतो, आत एक पत्र असो वा शंभर असोत, सारी झोळीत भरतो आणि पुढच्या पेटीकडे वळतो. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली, पेट्या राहिल्या. यावरून पेटीची रीत श्रेष्ठ असे अनुमान कोणी काढील तर ते घाईचे ठरेल. तार मागे पडली ती दूरध्वनीमुळे आणि मोबाइलमुळे. पण संगणकाच्या जगात याच दोन रीतींचा वाद सुमारे सत्तर वर्षे चालला आहे, आणि तेथे तो अद्याप मिटलेला नाही.

थाप मारण्याच्या रीतीला तेथे इंटरप्ट म्हणतात आणि पेटी उघडून पाहण्याच्या रीतीला पोलिंग. निवडणुकीतील मतदानाशी या दुसऱ्या शब्दाचा येथे काही संबंध नाही. 'तुझ्याकडे काही आले आहे काय' असे एकेका उपकरणाला विचारीत फिरणे, एवढाच त्याचा अर्थ. वरवर पाहता हा तंत्रज्ञांच्या घरातला किरकोळ प्रश्न वाटेल. परंतु एका टप्प्यावर या प्रश्नाने असे रूप धारण केले की, पूर्ण वेगाने राबणारे यंत्र शून्य काम करू लागले, आणि दोष यंत्राच्या मंदपणात नसून त्याच्या आज्ञाधारकपणात आहे हे ओळखावयास काही वर्षे जावी लागली.

हा वाद सर्वांत तीव्र झाला तो राउटरच्या बाबतीत. इंटरनेटवरून जाणारा मजकूर, चित्र वा आवाज लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि प्रत्येकावर पोचण्याचा पत्ता असतो. वाटेतील नाक्यांवर जी यंत्रे हा पत्ता वाचून पॅकेट योग्य त्या तारेवर पुढे ढकलतात, ती राउटर होत. मोठ्या नाक्यांवरील यंत्रांत याच एका कामासाठी घडविलेल्या चिप असतात. तथापि चारचौघांसारख्या साध्या संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवून आणि योग्य तो प्रोग्रॅम घालूनही राउटर तयार होतो. विद्यापीठे, लहान कंपन्या आणि हौशी मंडळी असे राउटर पूर्वीपासून वापरीत आली. आता प्रचंड डेटा सेंटरांतही ते आहेत. विशेष चिपच्या यंत्रात प्रत्येक कामाला वेगळा हात असतो. साध्या संगणकात मात्र पॅकेट उचलणे, पत्ता पाहणे, पुढे पाठविणे आणि शिवाय घरचा सारा प्रपंच एकाच प्रोसेसरच्या माथी येतो. तेव्हा त्याचे लक्ष केव्हा कोणाकडे जावे, यावरच सगळे अवलंबून राहते.

आरंभीच्या संगणकांत थाप नव्हतीच. टंकयंत्राला एक अक्षर उमटविण्यास जो वेळ लागे तेवढ्यात प्रोसेसर शेकडो आकडेमोडी करू शके. परंतु अक्षर उमटले की नाही हे कळावयास त्याला टंकयंत्राकडे पाहत उभे राहावे लागे. फार महागड्या यंत्राचा वेळ अशा रीतीने वाट पाहण्यात जाई. १९५० च्या दशकाच्या मध्यास यावर उपाय निघाला. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने १९५४ साली बांधलेल्या डायसिॲक या संगणकात बाहेरच्या उपकरणाला चालू काम थांबविण्याचा अधिकार मिळाला. पुढे युनिव्हॅक ११०३ या यंत्राच्या सुधारित आवृत्तीत हीच सोय क्लीव्हलँड येथील विमानविद्येच्या प्रयोगशाळेसाठी करण्यात आली. तेथील वातविवरात प्रयोग चालू झाला की मोजमापे ताबडतोब टिपून घ्यावी लागत. प्रयोग नसेल त्या वेळी यंत्राने इतर गणिते करीत राहावे आणि मोजमाप आले की ती बाजूस ठेवून आधी ते घ्यावे, अशी ती योजना होती. या उदाहरणात इंटरप्टचा सगळा मोठेपणा दिसून येतो. वाट पाहण्याची निरर्थक शिक्षा संपली, आणि तरीही महत्त्वाचा क्षण हुकेनासा झाला.

या सोयीचे स्वागत सर्वत्र निर्भयपणे झाले असे मात्र नव्हे. ॲम्स्टरडॅमच्या गणितकेंद्रात एक्स-१ या संगणकाची आखणी चालू असता, ब्राम लूप्स्ट्रा आणि कॅरेल शोल्टन या यंत्ररचनाकारांनी इंटरप्टची कल्पना मांडली. यंत्राचे मूलभूत प्रोग्रॅम लिहिण्याची जबाबदारी एड्स्गर डायक्स्ट्रा यांच्यावर होती, आणि त्यांची पहिली प्रतिक्रिया धास्तीची होती. तोवर संगणक हा वचनाचा पक्का होता. तोच प्रोग्रॅम तोच विदा घेऊन पुन्हा चालविला की तेच घडे, म्हणून चूक झाली तर ती पुन्हा घडवून शोधता येई. थाप कोणत्याही दोन पावलांच्या मध्ये पडू शकते म्हटल्यावर चूक एकदा दिसेल आणि नंतर शंभरदा दिसणारच नाही. डायक्स्ट्रा यांनी काही महिने तो निर्णय लांबणीवर टाकला; अखेर सहकाऱ्यांनी त्यांचे मन वळविले. मग मात्र त्यांनी तो विषय इतक्या कसोशीने हाताळला की त्यातूनच त्यांचा १९५९ चा डॉक्टरेटचा प्रबंध उभा राहिला. त्यांची धास्ती रास्तच होती. फक्त पुढे जे संकट आले ते त्यांना दिसलेल्या दिशेने आले नाही.

ते यावयास तीस-पस्तीस वर्षे लागली. १९६९ साली अर्पानेट हे जाळे सुरू झाले तेव्हा त्याच्या नाक्यांवर बसविलेली यंत्रे म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारे राउटरच होते. बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या कंपनीतील फ्रँक हार्ट यांच्या चमूने हनीवेलच्या डीडीपी-५१६ या लघुसंगणकावर ती बेतली होती, आणि त्यांत इंटरप्टचा उपयोग सढळपणे केला होता. त्यात वावगे काही नव्हते. तारांचा वेग सेकंदाला पन्नास हजार बिट एवढाच; हजार बिटांचे एक पॅकेट पुरते येण्यास वीस मिलिसेकंद लागत. तेवढ्या अवधीत ते यंत्र आपल्या स्मृतीला सुमारे वीस हजार वेळा हात घालू शके. दिवसातून चार वेळा तार येणाऱ्या घराला थापेचा त्रास तो काय होणार?

याच कंपनीने १९७० च्या दशकात प्लुरिबस नावाचे अनेक प्रोसेसरांचे यंत्र त्याच कामासाठी तयार केले, आणि त्यात मात्र नेहमीच्या इंटरप्टला चक्क रजा दिली. सगळे काम लहान लहान तुकड्यांत कापलेले. उपकरणाला काही सांगावयाचे असले की ते एका सामायिक फलकावर आपला क्रमांक टाकून ठेवी, आणि कोणताही प्रोसेसर आपला तुकडा संपवून फलकाकडे येई, सर्वांत निकडीचा क्रमांक उचली व त्या कामाला लागे. कोणालाही अर्ध्या कामावरून उठविले जात नसे. तुकडे इतके लहान ठेवलेले होते की निकडीच्या कामाला फार वेळ तिष्ठावे लागू नये. पुढे जे कष्टाने शोधून काढावे लागले त्याचा मोठा भाग या यंत्रात होता. परंतु प्लुरिबस हे विशेष घडणीचे यंत्र. त्याची रीत त्याच्याबरोबरच मागे पडली, आणि राउटरांची पुढची पिढी युनिक्स प्रणालीच्या साध्या संगणकांवर वाढली. तंत्रविद्येतही घराणी असतात, आणि एका घराण्याची चीज दुसऱ्यात जातेच असे नाही.

युनिक्समधील व्यवस्था तारवाल्याच्या घरासारखीच होती. पॅकेट आले की नेटवर्क कार्ड थाप मारी. प्रोसेसर हातातले काम सोडी, त्याची मांडामांड नीट आवरून ठेवी, पॅकेट उचलून एका रांगेत लावी आणि परत येई. रांगेतील पॅकेटचा पत्ता पाहून त्याला पुढे धाडण्याचे काम त्याहून खालच्या अग्रक्रमाने होई. पॅकेट आत सोडावे की अडवावे हे तपासणारा पहारेकरी प्रोग्रॅम असेल, तर त्याला सर्वांत खालची पायरी. पॅकेट घेणे सर्वांत निकडीचे मानले जाई, कारण कार्डातील जागा थोडी. ते वेळीच उचलले नाही तर मागचे पॅकेट हरवेल ही भीती. तर्क बिनतोड दिसतो. पण त्यात पायऱ्यांची उतरंड उलटी आहे: काम पुरे होण्याच्या जितके जवळ जावे तितका अग्रक्रम कमी होत जातो.

पॅकेटे थोडी असतील तोवर या दोषाचा सुगावाही लागत नाही. मात्र इथरनेट नावाच्या तारेचा वेग तेव्हा सेकंदाला एक कोटी बिट झाला होता, आणि सर्वांत लहान आकाराची पॅकेटे एकामागून एक सोडली तर त्या तारेवरून सेकंदाला सुमारे १४,८८० पॅकेटे येऊ शकत. म्हणजे दर ६७ मायक्रोसेकंदांनी एक थाप. एका थापेला उठून परत येण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून थापांमधील अंतर कमी झाले की काय होईल याची कल्पना करावी. यंत्र पॅकेट उचलते, रांगेत ठेवते, परत वळते तोच दुसरी थाप. रांग भरते. भरलेल्या रांगेत नव्या पॅकेटला जागा नाही म्हणून, नुकतेच धावत जाऊन आणलेले ते पॅकेट प्रोसेसर स्वतःच टाकून देतो, आणि तिसऱ्या थापेला पुन्हा धावत जातो. रांगेतील पॅकेटांकडे पाहण्यास त्याला क्षणभरही मिळत नाही. यंत्र शंभर टक्के व्यग्र आहे आणि बाहेर एकही पॅकेट पडत नाही.

या अवस्थेला लाइव्हलॉक म्हणतात; मराठीत तिला जिवंत कोंडी म्हणता येईल. डेडलॉक या प्रसिद्ध कोंडीत दोन कामे एकमेकांची वाट पाहत निश्चल उभी राहतात. येथे कोणीही उभे नाही, सगळी धावपळच आहे. नेटवर्कच्या संदर्भात हा धोका के. के. रामकृष्णन यांनी १९९२ साली मांडला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि नंतर अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात शिकलेले रामकृष्णन तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत होते. जाळ्यातील गर्दी कशी आवरावी या विषयातील त्यांचे राज जैन यांच्याबरोबरचे काम आधीच प्रसिद्ध झालेले होते. त्याच कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत जेफ्री मोगल होते. वर उल्लेखिलेल्या पहारेकरी प्रोग्रॅमचा एक नमुना, स्क्रीन्ड नावाचा, मोगल यांनीच १९८९ साली लोकांपुढे ठेवला होता. दोघांनी मिळून १९९६ च्या जानेवारीत सॅन दिएगो येथील युझनिक्स परिषदेत जो निबंध सादर केला, तो या सबंध इतिहासाचा मध्यबिंदू होय.

त्यांनी अल्फा जातीच्या संगणकांपैकी उपलब्ध असलेला सर्वांत मंद संगणक मुद्दाम निवडला, त्याला दोन इथरनेट जोडले, आणि एका बाजूने पॅकेटे सोडून दुसऱ्या बाजूने किती बाहेर पडतात ते मोजले. पहारेकरी नसताना ते यंत्र सेकंदाला जास्तीत जास्त ४,७०० पॅकेटे पुढे पाठवी. पहारेकरी बसविल्यावर कमाल २,००० वर आली. इथवर आश्चर्य काही नाही. तपासणीला वेळ लागणारच. पुढचे आकडे मात्र चमत्कारिक होते. येणारी पॅकेटे दोन हजारांच्या पुढे वाढत गेली तशी बाहेर पडणारी पॅकेटे दोन हजारांवर स्थिर न राहता कमी कमी होत गेली, आणि येणाऱ्यांची संख्या सेकंदाला सुमारे सहा हजार झाली तेव्हा बाहेर पडणाऱ्यांची शून्य झाली. ज्या पहारेकऱ्याने शत्रूला अडवावयाचे, त्याला नमविण्यास शत्रूला कसलीही युक्ती लागत नव्हती. लहानलहान पॅकेटांचा पाऊस पाडला की पुरे; तारेच्या निम्म्या क्षमतेएवढाही तो लागत नव्हता.

मोगल आणि रामकृष्णन यांनी दाखविलेले मूळ कारण मननीय आहे. डिस्क किंवा छपाईचे यंत्र थाप मारते ते आपणच दिलेले काम संपल्यावर. नवे काम दिले नाही तर नवी थाप येत नाही. थापांचा वेग घरधन्याच्याच हाती राहतो. इंटरप्टची पद्धत जन्मली ती अशा ओळखीच्या, घरच्या उपकरणांच्या संगतीत. नेटवर्कवरून येणारा पाहुणा मात्र अनाहूत असतो. घरात जागा आहे की नाही, यजमान थकला आहे की नाही, याची त्याला कल्पना नसते आणि पर्वाही नसते. घरच्यांसाठी केलेला शिष्टाचार परक्यांच्या जत्रेला लागू केला, ही खरी चूक.

त्यांचा उपाय असा. पहिली थाप पडू द्यावी; पण ती ऐकताच त्या कार्डाची घंटा तोडून ठेवावी आणि 'येथे काम आहे' एवढी नोंद करून परतावे. मग प्रोसेसरने आपल्या सवडीने फेरीवर निघावे, कार्डातील पॅकेट उचलावे आणि ते मधल्या रांगेत न टाकता शेवटपर्यंत नेऊन पोचवावे. कार्ड रिकामे झाले की घंटा पुन्हा जोडावी. काम थोडे असता ही व्यवस्था इंटरप्टसारखी तत्पर राहते आणि गर्दी झाली की आपोआप पोलिंगचे रूप घेते. गर्दीत जास्तीची पॅकेटे हरवतात हे खरे. परंतु ती कार्डाच्या दारातच हरवतात, त्यांच्यावर प्रोसेसरचा एक क्षणही खर्च होत नाही. टाकून द्यावयाचेच असेल तर श्रम करण्यापूर्वी टाकावे, हे या निबंधाचे सार. सरकारी कचेरीत पाच टेबले फिरून सहाव्या टेबलावर फेटाळला जाणारा अर्ज ज्याने पाहिला आहे, त्याला हे पटवून द्यावयास नको.

केवळ पोलिंग आणले म्हणजे सारे सुधारते, असा मात्र त्या प्रयोगाचा निकाल नव्हता, आणि पुढच्या काळात हा भाग पुष्कळांच्या ध्यानात राहिला नाही. फेरीत एका वेळी किती पॅकेटे उचलावी यावर मर्यादा घातली नाही, तेव्हा यंत्र पूर्वीइतकेच वाईट वागले. आत येणारी पॅकेटे संपतच नाहीत, म्हणून बाहेर पाठविण्याची पाळी येत नाही. कोंडी दारातून उचलून माजघरात नेल्यासारखे झाले. म्हणून त्यांनी प्रत्येक फेरीला वाटा ठरवून दिला. त्यांच्या यंत्रावर दहा ते वीस पॅकेटांचा वाटा उत्तम ठरला. पहारेकऱ्याच्या पुढची रांग तीन चतुर्थांश भरली की पॅकेटे घेणेच थांबवावे आणि ती ओसरली की पुन्हा सुरू करावे, ही दुसरी दुरुस्ती करावी लागली. तिसरी दुरुस्ती अशी की प्रोसेसरच्या वेळाचा ठराविक हिस्सा घरच्या कामांसाठी राखून ठेवावा, नाही तर राउटर चालतो पण त्याच संगणकावरचे दुसरे कोणतेही काम जागचे हलत नाही. एवढे झाल्यावर यंत्राच्या कामगिरीचा आलेख कमाल पातळीला पोचून तेथेच टिकून राहू लागला.

नंतरच्या पाच वर्षांत ही कल्पना निरनिराळ्या देशांत रुजली. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी संस्थेत एडी कोहलर, रॉबर्ट मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लिक नावाचा राउटर १९९९ साली प्रसिद्ध केला. त्याने कार्डांची घंटा कायमची तोडून निव्वळ फेरीवर भर दिला, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकावर सेकंदाला ३,३३,००० लहान पॅकेटे न गमावता पुढे पाठवून दाखविली. इटलीतील पिसा विद्यापीठाचे लुईजी रिझो यांनी २००१ साली फ्रीबीएसडी प्रणालीत पोलिंग आणले; त्यात घरच्या कामांसाठी निम्मा वेळ राखण्याची तजवीज मुळातच होती. लिनक्स प्रणालीसाठी हे काम जमाल हादी सलीम, स्वीडनमधील उप्साला येथील रॉबर्ट ऑल्सन आणि रशियाचे अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी केले. त्यांनी आपली पद्धत २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ओकलंड येथील लिनक्स परिषदेत मांडली. तिला एनएपीआय हे नाव मिळाले आणि आजतागायत लिनक्समधील बहुतेक सर्व नेटवर्क कार्डे तिच्यावरच चालतात. पहिली थाप, मग घंटा बंद, मग वाटा ठरवून फेरी: मूळ सांगाडा १९९६ चाच. एका फेरीत एका कार्डाचा वाटा साधारणतः ६४ पॅकेटांचा असतो. डेटा सेंटरांतील सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन दोन्ही लिनक्सवर चालत असल्यामुळे, पृथ्वीवरील पॅकेटांचा फार मोठा हिस्सा या रीतीनेच उचलला जातो.

येथे प्रश्न सुटला असे वाटावयास हरकत नव्हती, पण तारा थांबल्या नाहीत. सेकंदाला हजार कोटी बिटांची तार साध्या संगणकाला जोडता येऊ लागली तेव्हा दोन लहान पॅकेटांमधील अंतर ६७ मायक्रोसेकंदांवरून ६७ नॅनोसेकंदांवर आले. आकडा तोच, एकक हजारपटीने लहान. एवढ्या अवधीत तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सुमारे दोनशे पावले टाकतो, आणि मुख्य स्मृतीतून एक वस्तू शोधून आणण्यासही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. आता थाप दूरच राहिली, प्रणालीच्या कर्नलमधून जाणेही परवडेना. म्हणून इंटेल कंपनीने २०१० च्या सुमारास डीपीडीके नावाची सामग्री काढली. २०१३ साली तिला खुल्या प्रकल्पाचे रूप आले आणि २०१७ साली ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. तिची रीत एकांतिक आहे. प्रोसेसरचा एक गाभा संपूर्णपणे या कामाला वाहून द्यावयाचा, कर्नलला वाटेतून दूर करावयाचे, आणि त्या गाभ्याने अहोरात्र, एका क्षणाचीही विश्रांती न घेता, 'आले काय, आले काय' असे कार्डाला विचारीत राहावयाचे. वेगाच्या दृष्टीने याला तोड नव्हती.

किंमत मात्र उघड आहे. रात्री तीन वाजता एकही पॅकेट येत नसले तरी तो गाभा शंभर टक्के जागा असतो आणि तेवढी वीज जाळतो. टंकयंत्राकडे पाहत उभ्या राहणाऱ्या प्रोसेसरचा वेळ वाचावा म्हणून इंटरप्ट जन्मला होता. साठ वर्षांनी प्रोसेसर पुन्हा दारात पाहत उभा राहिला, आणि तेही हेतुपुरस्सर. फरक इतकाच की तेव्हा यंत्राचा वेळ अमूल्य होता आणि वीज कोणी मोजीत नव्हते. आता गाभे मुबलक आहेत आणि डेटा सेंटरांचे वीजबिल हा मोठ्या चिंतेचा विषय झाला आहे.

इंटरप्ट हाच सर्व दोषांचे मूळ, असा जो समज मध्यंतरी पसरला तो बरोबर नव्हता, हे दाखविण्याचे श्रेय पुन्हा रिझो यांच्याकडे जाते. २०१२ साली त्यांनी नेटमॅप ही योजना प्रसिद्ध केली. तिच्यात कर्नलला हाकलून दिलेले नव्हते, इंटरप्टही तोडलेले नव्हते. कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये सामायिक स्मृती ठेवून एकेका हाकेत पॅकेटांचा सबंध भारा उचलण्याची सोय केली होती. तेवढ्यावर ९०० मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एका गाभ्याने सेकंदाला १ कोटी ४८ लाख पॅकेटे पाठविली. त्या तारेची कमाल क्षमताच तेवढी आहे. खर्च थापेचा होताच, परंतु एका पॅकेटामागे एक थाप, एक नक्कल आणि एक हेलपाटा या हिशेबाचा खर्च त्याहून मोठा होता. शिपायाने थाप ऐकून पेटी उघडली तरी बिघडत नाही. झोळी मोठी असली पाहिजे.

यानंतरचे संशोधन या दोन टोकांमध्ये जागा शोधण्यात गेले आहे. लिनक्समध्ये २०१३ सालापासून एखाद्या प्रोग्रॅमला थापेची वाट न पाहता स्वतःच काही काळ कार्डाकडे डोकावता येते. अलीकडची भर जो दमाटो आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे मार्टिन कार्स्टेन यांची असून, २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ६.१३ या आवृत्तीत ती आली. मूळ बदल अवघ्या तीसएक ओळींचा आहे. डेटा सेंटरांतील काही कामांत त्याने तीस टक्क्यांपर्यंत वीज वाचू शकेल, असे विद्यापीठातर्फे सांगण्यात आले. प्रत्यक्षात किती वाचेल हे ज्या त्या कामाच्या स्वरूपावर ठरावयाचे आहे.

आजवर घंटा केव्हा तोडावी आणि केव्हा जोडावी हे कार्ड आणि कर्नल ठरवीत. पॅकेट ज्याच्यासाठी आले त्या प्रोग्रॅमला कोणी विचारीत नसे. नव्या योजनेत त्याचे मत घेतले जाते. प्रोग्रॅम पुढच्या पॅकेटांसाठी स्वतः परत येत आहे आणि दर खेपेस त्याला काही ना काही मिळत आहे, तोवर घंटा बंदच राहते. ज्या खेपेस त्याच्या हाती काही लागत नाही, त्या खेपेपासून घंटा पुन्हा जोडण्याची तयारी होते आणि प्रोसेसर निजू शकतो. प्रोग्रॅम भलत्याच कामात गुंतून पडला आणि परत आलाच नाही, तर त्यासाठी आधीच एक मुदत लावून दिलेली असते. ती संपली की कर्नल त्याची वाट न पाहता पॅकेटे स्वतः उचलू लागतो.